‘भाषा सेटिंगमधून बदलते, साहेब’

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आमच्या घरी निन्टेंडो स्विच २, म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचं व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आला. वाजतगाजत आला, सगळ्या नातेवाइकांना फोटो गेले. तेव्हा पुढे काय झालं तेही मीच सांगितलेलं बरं.

थोरला सातवीत आहे. त्याच्याकडे पहिला स्विच होता, त्यामुळे नव्याचा धोशा कधीपासून चालू होता. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. इथे मिळतो तो कुणीतरी बाहेरून आणलेला माल, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजत होतो. तीन ठिकाणी भाव काढला. दोघांनी बावन्न-त्रेपन्न हजार सांगितले. तिसऱ्याचा गाळा मध्यवस्तीतल्या एका बोळात. तो म्हणाला, ४४,०००, वर जुन्या स्विचचे ९,००० वजा. ‘‘जपानचा पीस आहे, साहेब. तिकडे स्वस्तच असतो.’’

खोकं सीलबंद होतं. त्यावरचा मजकूर जपानी, म्हणून मी विचारलं. तर मान वर न करता म्हणाला, ‘‘भाषा सेटिंगमधून बदलते, साहेब. चालू केल्यावर इंग्लिश निवडायचं, झालं.’’ जुन्या स्विचमध्ये भाषा खरंच तशी बदलायची, त्यामुळे मला शंका यायचं कारणच नव्हतं.

घरी लक्ष्मी आल्यासारखी आईने खोक्याला हळद-कुंकू लावलं. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर चुंबकाने टक् करून बसतात, ते धाकटीने वीस वेळा काढून लावून पाहिलं. पडदा पेटला आणि सगळं जपानी. थोरला म्हणाला, थांबा, आता भाषा विचारेल. यंत्राने विचारलंच नाही. मग हिने मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरला, भाषांतर मराठी करून. आई चष्मा लावून एकेक ओळ वाचून दाखवायची, थोरला बटण दाबायचा. रात्री साडेअकरापर्यंत आमचं सहकुटुंब वाचन चाललं. हसलोही पुष्कळ, खोटं कशाला बोलू.

सेटिंगमध्ये इंग्लिश सापडलं नाही, कारण ते तिथे नव्हतंच. ५ जून २०२५ ला हे यंत्र बाजारात आलं तेव्हा जपानमध्ये त्याचे दोन प्रकार निघाले. एक ४९,९८० येनचा, फक्त जपानी भाषेचा, जपानपुरता. दुसरा ६९,९८० येनचा, बहुभाषी. स्वस्तातला मुद्दाम तिथल्या लोकांसाठी. त्याची भाषा बदलत नाही, आणि ज्या निन्टेंडो खात्याचा (गेम विकत घ्यायला लागतं ते ऑनलाइन खातं) देश जपान आहे तेवढंच त्याला जोडता येतं. आमच्या थोरल्याचं खातं अमेरिकेचं, कारण खातं काढताना देश भारत ठेवून निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान उघडत नाही. म्हणजे त्याचं खातं या यंत्रावर चढेना. त्या खात्यावर विकत घेतलेले चार गेम आणि दोन वर्षांचा खेळ अडकून पडला, आणि तो ज्या जुन्या यंत्रावर चालत होता ते आम्ही स्वतःच्या हाताने गाळ्यावर देऊन आलो होतो.

सोमवारी खोकं घेऊन गाळ्यावर गेलो. आधी तो ऐकूनच घेईना, मग म्हणाला, ‘‘खात्याचा देश जपान करा, मिटलं.’’ खात्याचा देश बदलता येतो, हे खरं. पण मेनू जपानीच राहतो. शिवाय २५ मार्च २०२५ पासून निन्टेंडोचं जपानमधलं ऑनलाइन दुकान परदेशी बँकांची क्रेडिट कार्डं घेत नाही. म्हणजे आमचं कार्ड तिथे चालणार नाही. हे मी त्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, ‘‘मग तुम्हाला सगळं माहीत आहे, तर घेतलंत कशाला?’’

उत्तर नव्हतं माझ्याकडे. रविवारी वाचलं ते शुक्रवारी वाचायला हवं होतं.

पावती काढून पाहिली तर ‘गेमिंग ॲक्सेसरी, १ नग’. जीएसटी क्रमांक नाही, यंत्राचा सिरियल नंबर नाही, जपानी-बिपानी काही नाही. खाली रबरी शिक्का, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. यूपीआयचे पैसे गेले होते दुकानाच्या नावावर नव्हे, कुणा तिसऱ्याच बाईच्या खात्यावर. देताना ते नाव मोबाइलवर ढळढळीत दिसलं होतं. घाईत ‘असेल बायको’ म्हणून मी पिन टाकला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. पावती न देणं किंवा सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते, पण आमची अडचण वेगळी होती. यंत्र सदोष नव्हतंच, जपानी माणसासाठी उत्तम होतं. खोटं होतं ते गाळेवाल्याच्या तोंडचं वाक्य, आणि ते कागदावर कुठेच नव्हतं. वाचवलं ते थोरल्याने. त्याने घेण्याआधी माझ्या मोबाइलवरून दुकानाच्या नंबरला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, ‘अंकल, इंग्लिश लँग्वेज आहे ना?’ उत्तर होतं, ‘यस मल्टी’, म्हणजे बहुभाषी. त्या दोन शब्दांचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला. बारा दिवसांनी गाळेवाल्याने फोन करून बोलावलं आणि ३५,००० पैकी २७,००० परत दिले. ‘सील तुटलं’ म्हणून आठ हजार कापले. मी भांडलो नाही, दमलो होतो. जुना स्विच मागितला तर तो त्याच आठवड्यात विकला गेला होता.

कुणाला बाहेरून आणलेला घ्यायचाच असेल तर गाळ्यावरच सील फोडा, यंत्र चालू करा, भाषांची यादी डोळ्यांनी पाहा आणि मुलाचं खातं जोडून दाखवा म्हणावं. पैसे त्यानंतर. तो ‘सील तुटलं की किंमत जाते’ म्हणेल. म्हणू दे.

ते पैसे घेऊन घरी येताना रिक्षात थोरला म्हणाला, ‘‘बाबा, आपला जुना ज्याने घेतला तो माझ्याच नावावर खेळत असेल का?’’ तेव्हा लक्षात आलं. जुनं यंत्र देताना मी आतलं काही पुसलं नव्हतं. ‘फॉर्मॅट आम्ही मारून घेतो’ असं हाच माणूस म्हणाला होता. खात्यात माझं कार्ड साठवलेलं होतं. रिक्षातच मोबाइलवर पासवर्ड बदलला, कार्ड काढून टाकलं आणि खात्यातून ते यंत्र तोडलं. घरी पोचेपर्यंत बँकेचे मागचे पंधरा दिवसांचे सगळे मेसेज दोनदा वाचून झाले होते.