चार स्टेप्स की चाळीस? एआय व्हिडिओ आणि आवाज काढताना कात्री कुठे लावायची

घरच्या कॉम्प्युटरवर, एकाच ग्राफिक कार्डावर वॅन 2.2 हे व्हिडिओ काढणारं एआय मॉडेल चालवून पाच सेकंदांची क्लिप काढायची असेल, तर पहिला पेच हाच पडतो: पूर्ण स्टेप्स (चित्र टप्प्याटप्प्याने साफ करण्याच्या फेऱ्या) देऊन वाट बघत बसायचं, की चार स्टेप्सचा लायटनिंग लोरा (मूळ मॉडेलला जोडायची छोटी फाइल, जी त्याला कमी स्टेप्समध्ये काम उरकायला लावते) लावून मोकळं व्हायचं? आवाजाचं काम करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. माझं मत आधीच सांगतो. स्टेप्स किती आहेत यापेक्षा कोणत्या कमी करताय, हे जास्त महत्त्वाचं आहे. हालचाल आणि मांडणी सुरुवातीच्या स्टेप्समध्ये ठरते, बारकावे शेवटी भरले जातात. कात्री शेवटाकडे बिनधास्त लावा, सुरुवातीला हात लावताना मात्र नीट विचार करा.

वेळ नेमका कुठे जातो

अशी मॉडेल्स डिफ्यूजन प्रकारची असतात. डिफ्यूजन मॉडेल निव्वळ नॉइजपासून, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांपासून, सुरुवात करतं आणि दर स्टेपला त्यातला थोडा नॉइज काढत जातं. 2020 च्या डीडीपीएम या सुरुवातीच्या पद्धतीत अशा 1000 स्टेप्स होत्या. त्याच वर्षी डीडीआयएमने त्या पन्नासच्या घरात आणल्या आणि 2022 मध्ये डीपीएम-सॉल्व्हरने दहा-वीसवर. हे सगळं मॉडेलला हात न लावता, नुसतं गणित सुधारून झालं. त्याच्याही खाली उतरायला गेलं की चित्र धुरकट होतं, कारण मॉडेल फक्त त्या जागेपुरती दिशा सांगतं. लांब उडी मारली की मधल्या टप्प्यात बदललेली दिशा हुकते.

मग दुसरा मार्ग निघाला, मॉडेललाच लांब उडी मारायला शिकवण्याचा, म्हणजे डिस्टिलेशनचा. 2022 मध्ये सालिमान्स आणि हो या संशोधकांनी दर फेरीत स्टेप्स निम्म्या करत नेल्या. 2023 अखेर आलेल्या एसडीएक्सएल टर्बोने एका स्टेपमध्ये चित्र काढून दाखवलं. डिसेंबर 2024 च्या कॉजविडने व्हिडिओ मॉडेल 50 स्टेप्सवरून 4 वर आणलं.

आणखी एक खर्च पटकन लक्षात येत नाही, तो सीएफजीचा, म्हणजे प्रॉम्प्ट किती काटेकोरपणे पाळायचा हे ठरवणाऱ्या आकड्याचा. सीएफजी 1 पेक्षा जास्त ठेवला की दर स्टेपला मॉडेल दोनदा चालतं, एकदा प्रॉम्प्टसाठी आणि एकदा निगेटिव्ह प्रॉम्प्टसाठी (काय नको ते सांगणारा मजकूर). त्यामुळे स्टेप्स मोजून पुरत नाही, मॉडेल एकूण किती वेळा चाललं ते मोजायला हवं. वॅन 2.2 च्या 14बी (14 अब्ज पॅरामीटर्सच्या) मॉडेलसाठी हिशोब असा होतो (कम्फीयूआय म्हणजे अशी मॉडेल्स चालवायचं सॉफ्टवेअर; मिश्र मांडणी पुढे सांगितली आहे):

| मार्ग | स्टेप्स | सीएफजी | मॉडेल किती वेळा चालतं |
|---|---|---|---|
| मूळ सेटिंग | 40 | सुरू | 80 |
| कम्फीयूआयचं नेहमीचं टेम्प्लेट | 20 | सुरू | 40 |
| मिश्र मांडणी | 6 | पहिल्या 2 स्टेप्सना सुरू | 8 |
| लायटनिंग लोरा | 4 | बंद | 4 |

80 वरून 4 म्हणजे कागदावर वीसपट वेग. प्रत्यक्षात तेवढा हाती लागत नाही. प्रॉम्प्ट वाचणारं टेक्स्ट मॉडेल आणि शेवटी फ्रेम्स उलगडणारा व्हीएई यांचा वेळ दोन्हीकडे तेवढाच राहतो. शिवाय वॅन 2.2 मध्ये जास्त नॉइजसाठी एक आणि कमी नॉइजसाठी एक अशी दोन वेगळी मॉडेल्स आहेत. व्हीरॅम (ग्राफिक कार्डाची मेमरी) कमी असेल तर ती आळीपाळीने मेमरीत आणावी लागतात. चार स्टेप्सच्या रेंडरमध्ये ही ने-आणच मोठा वाटा खाते, म्हणून अशा मशीनवर सहाऐवजी चार स्टेप्स करून वाचतं फार थोडं.

हालचाल हवी असेल तर

लायटनिंगबद्दल सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते: सगळं संथ होतं. ही तक्रार खरी आहे आणि ती तपासताही येते. ‘मुलगा विहिरीत सूर मारतो’ असा प्रॉम्प्ट घ्या. पाच मीटरवरून खाली पडायला खऱ्या जगात साधारण एक सेकंद लागतो. वॅनचं 14बी मॉडेल सेकंदाला 16 फ्रेम्स देतं, पाच सेकंदांच्या 81. म्हणजे पाय सुटल्यापासून पाण्याला हात लागेपर्यंत सोळा-सतरा फ्रेम्स व्हायला हव्यात. एडिटरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा. तीस-पस्तीस भरल्या, तर मुलगा पडत नाहीये, तरंगतोय. पाण्याकडेही बघा. शिंतोडे सुटे उडायला हवेत, एकसंध पडद्यासारखे वर येता कामा नयेत.

याचा एक उपाय सगळे सांगतात: क्लिप 24 फ्रेम्सच्या वेगाने वाजवा. दीडपट वेग मिळतो खरा, पण पाच सेकंदांचे साडेतीनही उरत नाहीत आणि झाडाची पानं, चालणारी माणसं, सगळंच पळायला लागतं. मला हा उपाय पटत नाही.

मिश्र मांडणी मला जास्त पटते. पहिल्या दोन स्टेप्स जास्त नॉइजच्या मॉडेलवर, लोरा न लावता, सीएफजी 3.5 च्या आसपास. पुढच्या दोन त्याच मॉडेलवर लोरा लावून, सीएफजी 1. शेवटच्या दोन कमी नॉइजच्या मॉडेलवर, तिथेही लोरा आणि सीएफजी 1. मॉडेल आठ वेळा चालतं, म्हणजे लायटनिंगच्या दुप्पट, पण नेहमीच्या टेम्प्लेटच्या एक पंचमांश. मूळ मॉडेलला बोलायची संधी नेमकी तिथे मिळते जिथे हालचाल ठरते, आणि निगेटिव्ह प्रॉम्प्टही निदान त्या दोन स्टेप्सपुरता ऐकला जातो. निव्वळ लायटनिंगमध्ये निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या चौकटीत काहीही लिहा, सीएफजी 1 असल्यामुळे त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

डिस्टिल केलेल्या मॉडेलची आणखी एक मर्यादा: सीड (सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा) बदलला तरी चेहरे आणि कॅमेऱ्याचे कोन एकमेकांसारखेच येत राहतात. दहा पर्याय काढून एक निवडायची सवय असेल तर हे जाणवतंच.

मग लायटनिंग घ्यायचं कधी? कॅमेरा हळू सरकतो, माणूस बोलतोय, पडदा हलतोय, चहातून वाफ निघतेय अशा शॉट्सना खुशाल घ्या. इथे चाळीस स्टेप्स घालवणं म्हणजे विजेचं बिल वाढवणं. प्रॉम्प्ट घासूनपुसून तयार करण्यासाठीही तेच बरं. पण लायटनिंगवर आवडलेला सीड पूर्ण स्टेप्सवर तसाच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. उतरतो तो प्रॉम्प्ट.

टीकॅश हा तिसरा मार्ग. लागोपाठच्या दोन स्टेप्समध्ये फारसा फरक नसेल तर तो आधीचं गणित पुन्हा वापरतो. वॅन 2.1 वर साधारण दुप्पट वेग मिळतो, मॉडेल आणि सीएफजी दोन्ही तसेच राहतात. वीस-चाळीस स्टेप्स करणारच असाल तर जरूर लावा. चार स्टेप्सवर मात्र प्रत्येक स्टेप आधीच्यापेक्षा इतकी वेगळी असते की वाचवण्यासारखं काही उरत नाही.

आवाजाचं गणित वेगळं

पार्श्वभूमीचे आवाज, ठेके, छोटे इफेक्ट्स यांच्यासाठी निर्णय सोपा आहे. 2024 च्या स्टेबल ऑडिओ ओपन या आवाज काढणाऱ्या मॉडेलच्या नमुना कोडमध्ये 100 स्टेप्स आणि सीएफजी 7 आहे, म्हणजे मॉडेल 200 वेळा चालतं. 2025 मध्ये आर्म या चिप कंपनीबरोबर आणलेली त्याची स्मॉल आवृत्ती 8 स्टेप्समध्ये 11 सेकंदांचा स्टिरिओ आवाज देते, आणि तो फोनवरही आठ सेकंदांच्या आत तयार होतो. या आवृत्तीत डिस्टिलेशन नाही. खऱ्या ध्वनिमुद्रणांशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या मॉडेलपुढे उभं करून तिला घडवलं आहे. दार आपटणं, पाऊस, एखादा ठेका हवा असेल तर स्मॉल घ्या. 47 सेकंदांपर्यंतचा सलग तुकडा हवा असेल तर जुनं मोठं मॉडेल.

माणसाच्या बोलण्याचं तसं नाही. शांघायच्या एका विद्यापीठातून आलेल्या एफ5-टीटीएस या मजकुराचं बोलणं करणाऱ्या मॉडेलमध्ये 32 स्टेप्स ठरलेल्या असतात, आणि त्या समान अंतरावर नसतात. त्यातली स्वे सॅम्पलिंग ही पद्धत निम्म्या स्टेप्स नॉइजपासून आवाजापर्यंतच्या प्रवासाच्या पहिल्या 29 टक्क्यांतच खर्च करते, कारण कोणता शब्द कुठे येणार हे तिथे ठरतं. व्हिडिओत दिसतं तेच इथे रचनेतच धरलेलं आहे. पुढे 2025 मध्ये याच मॉडेलच्या स्टेप्स, कोणतंही नवं प्रशिक्षण न देता, 7 वर आणल्या गेल्या. कात्री लागली ती बहुतांशी नंतरच्या भागाला.

मराठीसाठी हे थेट उपयोगाचं आहे. भारतीय भाषांवर काम करणाऱ्या एआयफॉरभारत या गटाचं इंडिकएफ5 याच घडणीचं आहे, अकरा भारतीय भाषांमधल्या 1417 तासांच्या आवाजावर शिकवलेलं, आणि त्यात मराठी आहे. कमी स्टेप्स लावून बघायच्या असतील तर परीक्षेचं वाक्य अवघड घ्या: ‘बाळाने काळ्या चमच्याने जिरं वाटीत घातलं, जहाज मात्र बंदरातच राहिलं.’ शब्द गळतो का, वाक्याच्या शेवटी आवाज पुटपुटल्यासारखा होतो का, ‘ळ’ला पत्र्यासारखी किनार येते का, हेडफोन लावून ऐका. ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांचे उच्चार 32 स्टेप्सवरही चुकत असतील तर दोष स्टेप्सचा नाही.

निवेदन किंवा ऑडिओबुक करत असाल तर 32 च ठेवा. व्हिडिओच्या मानाने आवाज इतका स्वस्त आहे की वाचलेल्या वेळेचं काही होत नाही, आणि गळलेला एक शब्द शोधायला त्याहून जास्त वेळ जातो. फोनवर समोरच्याला लगेच उत्तर द्यायचं असेल तरच सातवर या, आणि तेव्हाही वाक्यं छोटी ठेवा.