बोल्ट हललाच नाही, बिल मात्र मॅनिफोल्ड उघडल्याचं

ठाण्याच्या कासारवडवलीहून नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीला रोज ये-जा करणारी 2017 ची बीएस-4 डिझेल एसयूव्ही, मीटरवर 92 हजार किलोमीटर. तक्रार नेहमीचीच. पिकअप गेलेला, जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा भपका, आणि डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट. ठाण्यातल्या एका गॅरेजने निदान अचूक केलं, हे आधी कबूल करायला हवं. स्कॅनरवर पी0401, म्हणजे ईजीआरमधून, धूर परत इंजिनात वळवणाऱ्या वाटेतून, पुरेसा धूर वाहत नाही. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, काजळीने भरलाय, उघडून साफ करावा लागेल. इथपर्यंत सगळं खरं होतं.

गाडी सकाळी 11 ला आत गेली, दुपारी 2 ला बाहेर आली. बिल 13,800 रुपये: डीकार्बन (काजळी काढण्याचं) मशीन 3,500, मॅनिफोल्ड काढणे-साफ करणे-बसवणे 5,500, ईजीआर सफाई 2,500, केमिकल 1,400, सेन्सर सफाई 900. कागद साधाच, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. आणि पाच ओळींत गॅस्केट, म्हणजे सांध्यातून गळती होऊ न देणारी पट्टी, कुठेच नाही. मॅनिफोल्ड उघडला की त्याचं आणि ईजीआर पाइपचं गॅस्केट नवं टाकावंच लागतं. चोरी इथेच पकडता आली असती, पण बिलात काय नाही हे कोण वाचतं?

चार दिवसांनी घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर तोच दिवा परत लागला. दुसरीकडे स्कॅनर लावल्यावर ‘एरर मिटवल्यापासूनचं अंतर’ 214 किलोमीटर दिसलं, म्हणजे बरोबर त्या गॅरेजमधून निघाल्यापासूनचं. दिवा विझवला होता, दोष तसाच. एरर नुसता पुसला तर गाडी लगेच ओरडत नाही. कॉम्प्युटर आपली चाचणी पुन्हा घेतो, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष सापडला की मगच दिवा लावतो. गॅरेजवाल्याला तेवढे दिवस पुरतात. हे अंतर शे-पाचशे रुपयांच्या ब्लूटूथ ओबीडी डोंगलनेही (गाडीच्या सॉकेटात लावून मोबाइलवर एरर वाचायचं छोटं यंत्र) बहुतेक गाड्यांत वाचता येतं.

मग इंजिनचं कव्हर काढलं. मॅनिफोल्डच्या बोल्टांवर तेल आणि धुळीचा थर जसाच्या तसा. कंपनीने कसताना मारलेली पिवळ्या रंगाची रेघ बोल्टाच्या डोक्यावरून खाली धातूवर अखंड उतरलेली. मॅनिफोल्डच्या दोन नळ्यांच्या (रनरच्या) बेचक्यात वाळलेलं पिंपळाचं पान अडकलेलं. मॅनिफोल्ड हलला असता तर ते तिथे राहिलंच नसतं. मॅप सेन्सर, मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा, मात्र लख्ख होता. एका स्क्रूवर बसतो तो. 13,800 पैकी 900 चं काम प्रामाणिकपणे झालं होतं म्हणायचं! सेन्सरच्या भोकातून कॅमेरा आत घातल्यावर भिंतींना ओल्या डांबरासारखा थर, मधे जेमतेम बोट जाईल एवढी वाट.

हा थर येतो कुठून, ते कळलं की डीकार्बन मशीनची थाप आपोआप उघडी पडते. नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत आत वळवतो. त्यात काजळी असते. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, ब्रीदर पाइपमधून तेलाची वाफ येते. दोघांची गाठ मॅनिफोल्डमध्ये पडते आणि चिखल होतो. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ही वाट धुवायला इंधन कधी येतच नाही. त्यात घोडबंदर रोडची रांगती गर्दी: कमी लोडला ईजीआर जास्त उघडा, धुराला जोर नाही.

आता ते ‘हायड्रोजन डीकार्बन’. मशीन पाण्यापासून विजेवर हायड्रोजन-ऑक्सिजन बनवतं, इंजिन चालू ठेवून अर्धा-पाऊण तास हवेच्या पाइपातून आत सोडतं. हा वायू पेटतो सिलिंडरमध्ये. मॅनिफोल्ड त्याच्या आधी आहे, तिथे काहीच जळत नाही. काजळी आपली आपण जळायला साधारण 550 ते 600 अंश लागतात. मॅनिफोल्ड त्याच्या आसपासही जात नाही. वायू डांबरावरून सरकत पुढे जातो, झालं. सायलेन्सरमधून टपकणारं काळं पाणी दाखवून ‘बघा साहेब, कचरा निघाला’ म्हणतात. इंधन जळलं की पाणी होतंच, आणि सायलेन्सरच्या आत काजळी असतेच.

पीयूसीची जादू त्याहून सफाईदार. पहिलं रीडिंग इंजिन कोमट असताना, सायलेन्सरमध्ये आठवड्याची काजळी साचलेली असताना घेतात. मग मशीन लावून अर्धा तास गाडी चालू, मधूनमधून रेस. इंजिन तापतं, साचलेली काजळी उडून जाते आणि दुसरं रीडिंग खाली येतं. बीएस-4 डिझेलच्या धुराच्या गडदपणाची मर्यादा 1.62 आहे, दोन्ही आकडे तिच्या आत असले तरी ‘निम्मं झालं’ ऐकायला गोड लागतं. पहिल्या रीडिंगआधी गाडी अर्धा तास पळवून आणा, मग फरक किती उरतो बघा.

काही जण मशीनऐवजी चालू इंजिनात स्प्रेचा कॅन मारतात. डिझेलमध्ये हे जोखमीचं. पेट्रोलसारखं इथे हवा अडवून इंजिन ताब्यात ठेवत नाहीत, वेग इंधनावर ठरतो. सॉल्व्हंट हेच इंधन झालं की आरपीएम आपोआप चढतो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबेलच असं नाही. वर सुटलेली खपली व्हॉल्व्हखाली अडकू शकते.

खरं काम कसं दिसतं? थंड इंजिन, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. इंटरकूलरचा होज, थ्रॉटल बॉडी, ईजीआर पाइप, सेन्सर, वायरिंगच्या क्लिपा, मग मॅनिफोल्डचे बोल्ट. बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने खोचून ठेवतात. मॅनिफोल्ड सुटताक्षणी हेडच्या पोर्टांत, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या भोकांत, स्वच्छ फडकी कोंबायची आणि मोजायची. चार घातली तर चारच निघाली पाहिजेत. आतला चिखल लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, मॅनिफोल्ड डिझेलमध्ये किंवा डिग्रीझरमध्ये रात्रभर भिजत ठेवायचा, नायलॉन ब्रशने घासून प्रेशरने धुवायचा आणि हवा मारून पूर्ण कोरडा करायचा. स्वर्ल फ्लॅप (हवेला भोवरा देणाऱ्या झडपा) असतील तर त्यांची मोटर आधी वेगळी. ती भिजली की गेली. घाईतले लोक कॉस्टिक सोडा वापरतात. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं, गॅस्केटची बसकण खडबडीत होते आणि मग हवा गळते. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला तर गॅसची ज्योत लावायचीच नाही.

हेडचे पोर्ट राहून गेले तर काम अर्धंच. क्रँक पान्याने फिरवून त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह बंद करायचे, मगच खरवडायचं, कचरा व्हॅक्यूमने ओढायचा. बसवताना नवं गॅस्केट, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत, ठरलेल्या ताकदीने कसणाऱ्या टॉर्क पान्याने. शेवटी स्कॅनरवर ईजीआरचं री-लर्न, म्हणजे साफ झालेल्या व्हॉल्व्हची ओळख कॉम्प्युटरला पुन्हा करून देणं. एक पूर्ण दिवस, बहुधा दोन. तीन तासांत हे होत नाही.

एक उपकथा याच्याच जोडीची. होज काढून बोटाला लागलेलं तेल दाखवायचं आणि ‘टर्बो गेला’ म्हणून चाळीस-पन्नास हजारांचं कोटेशन पुढे करायचं. ब्रीदरच्या वाफेमुळे होजमध्ये तेलाचा पातळ हात असतोच. तळाशी तेल साचलेलं असेल तर आधी तेलाची पातळी मॅक्सच्या वर आहे का आणि ब्रीदरचा ऑइल सेपरेटर तुंबलाय का ते बघतात. टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित हलका खेळ चालतो. पुढे-मागे खेळ हाताला जाणवायला नको, आणि पाती घराला घासलेली नकोत. हे न पाहता टर्बो बदला म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

गाडी देण्याआधी दोन बोल्टांवर आणि ईजीआरच्या एका नटावर नेलपॉलिशची रेघ मारा, डोक्यावरून खाली धातूपर्यंत, आणि फोटो काढा. कामाआधी जॉब कार्डवर ‘मॅनिफोल्ड उघडून’ हे शब्द आणि गॅस्केटची ओळ लिहून घ्या. जुनी गॅस्केटं परत मागा. कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला तर सुरुवातीला नंबर प्लेट, मग न थांबवता कॅमेरा आत, असा मागा. एकच चिखलाचा व्हिडिओ दहा गिऱ्हाइकांना दाखवला जातो.

या गाडीच्या मालकाने फोटो पुढे ठेवल्यावर गॅरेजचं पहिलं उत्तर होतं, ‘परत एकदा मशीन लावून देतो, फ्री.’ ते नाकारून लेखी मागणी दिली: कोणतं काम बिलात आहे, कोणतं झालं नाही, किती रुपये परत हवेत आणि किती दिवसांत. सोबत रेघ अखंड असलेल्या बोल्टांचे फोटो आणि स्कॅनरची छापील प्रत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार क्रमांक घेतला. मॅनिफोल्डचे 5,500 आणि ईजीआरचे 2,500 परत आले. मशीन आणि केमिकलचे नाही, कारण ते खरंच वापरलं होतं, उपयोग झाला नाही एवढंच. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मालकाने अजून तक्रार टाकलेली नाही. कच्चं बिल आणि त्या बोल्टांचे फोटो मात्र त्याने जपून ठेवलेत.