थ्रीडी प्रिंटेड कानाच्या हाडावर ड्रिलिंग: आठ महिने वापरल्यावर

मी कोकणात ईएनटीची रेसिडेंट आहे. आमच्या ओपीडीत कान वाहणारे पेशंट खूप. पावसाळ्यात तर खोबरेल घालून, काडीने कोरून, कानात बुरशी घेऊनच येतात. काहींना मास्टॉइडची (कानामागच्या हाडाची) सर्जरी लागते, आणि ड्रिलचा पहिला हात पेशंटवर बसवायचा नसतो. सरावाला खरी टेम्पोरल बोन (ज्यात कान असतो ते कवटीचं हाड) मिळायची मारामार, म्हणून आम्ही तिघांनी वर्गणी काढून थ्रीडी प्रिंटेड मॉडेल मागवली. माझी आतापर्यंत अकरा झाली.

पहिली दोन वायाच गेली. मी बर (ड्रिलच्या टोकाचा दातेरी गोळा) टोकावर दाबत होते, त्यामुळे खड्डा विहिरीसारखा अरुंद होत गेला. सर म्हणाले, "पेन धरतेस तसा धर, बरच्या कडेने घास, खड्डा बशीसारखा पसरट ठेव." ती बशी जमायला आणखी चार मॉडेल लागली. वर टेग्मेन (मेंदूखालचं पातळ हाड), मागे सिग्मॉइड सायनस (मोठी रक्तवाहिनी), पुढे कानाच्या नळीची मागची भिंत; या तिघांना सांभाळत उतरलं की साधारण दीड सेंटिमीटरवर अँट्रम (हाडातली हवेची पोकळी) उघडतं. सातव्या मॉडेलात पाण्याखाली इन्कसचं (मधल्या कानातल्या छोट्या हाडाचं) टोक दिसलं, तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळे काढवेनात.

पाणी कमी पडलं की प्लास्टिक वितळून बरच्या दातांत बसतं. आमच्या खाऱ्या हवेत स्टीलचे बर लगेच गंजतात. पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. मॉडेलात रक्त नाही, कातडी नाही. त्यासाठी रविवारी मटणवाल्याकडून बकऱ्याचं मुंडकं आणतो. रचना माणसासारखी नसते, पण छेद घेऊन पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) उचलायचा हात तिथेच बसतो.

माझी खरी तक्रार फेशियल नर्व्हबद्दल (कानाच्या हाडातून जाणारी, चेहरा हलवणारी नस) आहे. मॉडेलात ती पिवळी रंगवलेली असते, आणि पिवळं दिसलं की थांबायचं अशी सवय लागते. खऱ्या हाडात तसं होत नाही. हाड पातळ होत गेलं की आतून गुलाबीसर रेघ उमटते, आणि त्याच्या आधीच डायमंड बर (हिऱ्याच्या कणांचा, हलकं घासणारा) घेऊन, भरपूर पाणी सोडत, नर्व्हच्या लांबीच्या दिशेने चालवायचा असतो. गेल्या महिन्यात असिस्ट करताना ती रेघ मला ओळखताच आली नाही. सरांनी सक्शनच्या टोकाने दाखवली, तेव्हा पोटात गोळा आला.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी रंगीत मॉडेल जरूर घ्यावीत, पण तीन-चारच. आमची पुढची खेप बिनरंगाची मागवली आहे.