पुढून टकटक येतेय: लिंक रॉड, लोअर आर्म, शॉकअप की ब्रेक?

पावसाळा सरत आला की नाशिकच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास असते, "पुढून आवाज येतोय." उत्तरही ठरलेलं, "सस्पेन्शन करावं लागेल." सस्पेन्शन म्हणजे चाकं गाडीला जोडणारी, धक्के झेलणारी सगळी यंत्रणा, त्यामुळे या उत्तरात लिंक रॉडच्या (गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला जोडणारा छोटा रॉड) किरकोळ खर्चापासून दोन्ही शॉकअपच्या (धक्का जिरवणारे नळकांडे) घसघशीत बिलापर्यंत काहीही बसतं. म्हणून आवाज नेमका कधी येतो, हे गाडी दाखवण्याआधी आपल्याला सांगता आलं पाहिजे.

पहिला प्रश्न ब्रेक की सस्पेन्शन. खडबडीत पण रिकामा रस्ता गाठा. गंगापूर धरणाच्या बाजूला रहदारी विरळ झाली की असा पट्टा सापडतो. मागे कोणी नाही हे पाहून हळू चालवा आणि खडखड चालू असतानाच ब्रेकवर हलका पाय टेकवा. आवाज तिथल्या तिथे बंद झाला, तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) पिना ढिल्या आहेत किंवा पॅड आपल्या जागेत हलतायत, असा संशय घ्यायला जागा आहे. दाब आला की ते घट्ट बसतात आणि गप्प होतात. काहीच फरक पडला नाही, तर सस्पेन्शनकडे बघा.

लिंक रॉड आणि शॉकअप यांत सर्वाधिक गोंधळ होतो, आणि पैशांचा फरकही इथेच मोठा आहे. लिंक रॉडचं काम गाडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वर-खाली होतात तेव्हा. त्यामुळे एकच चाक खड्ड्यात गेलं, किंवा गतिरोधक तिरका ओलांडला, की सुकी, हलकी टकटक ऐकू येते. तोच गतिरोधक दोन्ही चाकांनी एकदम, सरळ ओलांडला तर ती कमी होते. उलट सरळ ओलांडतानाही 'धप्' असा जाड आवाज येत असेल, गाडी उसळून पुन्हा डुलत असेल, शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसत असेल, तर शॉकअप गेला. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना 'टंग' वाजलं तर शॉकअपपेक्षा त्याच्या वरच्या माउंटवर, म्हणजे तो गाडीला जिथे बसतो त्या जोडावर, आधी संशय घ्या. माउंट गेलं म्हणून अख्खा शॉकअप बदलायची गरज नसते.

लिंक रॉड तपासताना एक गंमत होते. एकच चाक जॅकवर उचललं की रॉडवर ताण येतो, त्यातली ढिलाई लपते आणि "हा तर ठीक आहे" असा निकाल लागतो. चारही चाकं जमिनीवर असताना रॉड हाताने हलवून बघायला सांगा. बदलला तरी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणं) लागत नाही. शॉकअप मात्र जोडीनेच बदलावेत आणि मग अलाइनमेंट करावं.

लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा. त्याच्या जोडातला रबरी बुश फाटला की ब्रेक दाबताना आणि वेग वाढवताना 'खट्' होतं, म्हणून बिचाऱ्या ब्रेकवर आळ येतो. फरक असा: पॅडमुळे होणारी खट् रिव्हर्सनंतर पुढे निघून पहिला ब्रेक मारला की एकदाच येते, आणि पुन्हा दिशा बदलेपर्यंत येत नाही. लोअर आर्मची खट् बहुतेक प्रत्येक ब्रेकला येते, शिवाय गाडी एका बाजूला ओढते. बुशला आणखी काही दिवस देता येतात. त्याच आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) ढिला निघाला तर एक दिवसही देऊ नका. तो निसटला की चाक आडवं पडतं.

ब्रेकच्या स्वतःच्या आवाजांपैकी रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी येणारी खरखर सोडून द्या. डिस्कवर गंज धरतो, चार-पाच ब्रेकांत तो निघून जातो. बारीक, किंचाळल्यासारखा आवाज रोज येत असेल, तर पॅड संपत आल्याची खूण समजा. अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास उरलं की बदलून टाका. घरघर, म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं, तर अशा गाडीने कसारा घाट किंवा सप्तशृंगी गडाचा उतार उतरण्याचा विचारही नको. अशा वेळी पॅडबरोबर डिस्कही मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते.

वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ व्हील बेअरिंगची. स्टीअरिंग पूर्ण वळवून निघताना होणारी कटकट अ‍ॅक्सलच्या जॉइंटची. दोन्ही वरच्या भांडणात ओढू नका.

आता गाडी कुठे न्यायची? वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच. ती संपली असेल तर लिंक रॉड, बुश आणि पॅडसाठी मला अंबड-सातपूरकडचा चांगला फिटर जास्त पटतो. तो स्वतः शेजारी बसून चक्कर मारतो आणि लोअर आर्मचा फक्त बुशही दाबून बसवून देतो. सर्व्हिस सेंटरमध्ये बऱ्याचदा अख्खा आर्म बदलायला सांगतात. बॉल जॉइंट आणि पॅडच्या बाबतीत मात्र लोकल माल घेऊ नका, पार्ट कंपनीचा आणा. गाडी न चालवता, नुसती वाकून बघून पार्टांची यादी लिहून देणारा असेल, तर तो कुठलाही असो, किल्ली परत मागा. काम झाल्यावर जुने पार्ट हातात घेऊन बघा, आणि बिल देण्याआधी जिथे आवाज यायचा त्याच रस्त्यावर फिटरला बरोबर घेऊन एक फेरी मारा.