ई-चलान मिटवायचं कुठे? ॲप, व्हर्च्युअल कोर्ट, लोकअदालत की थेट न्यायालय

मेहुण्याने दिवाळीनंतर स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, चहा झाला. मग त्या माणसाने खिशातून मोबाइल काढला, गाडीचा नंबर टाकला, आरसीवर बघून चासीचे शेवटचे चार आकडे भरले आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. सहा चलानं, एकूण ३५०० रुपये. मेहुणा म्हणाला, "मला तर एकही मेसेज आला नाही." खरंच आला नव्हता. गाडी घेताना एजंटाने फॉर्मवर स्वतःचाच मोबाइल नंबर घालून ठेवला होता.

"आता भरू कुठे? लोकअदालतीला थांबलो तर अर्ध्यात सुटेल म्हणतात." हा प्रश्न आजकाल दर घरात ऐकू येतो, आणि बहुतेक जण रक्कम बघून त्याचं उत्तर शोधतात. माझं मत वेगळं आहे. चलान तुमचंच आहे का, आणि ते सध्या पोलिसांकडे आहे की कोर्टात पोचलंय, हे आधी बघा. रस्ता त्यावरून ठरतो. पैशांचा हिशेब नंतर.

शोधाशोध

महाराष्ट्रात एक घोळ आधीच आहे. वाहतूक पोलिसांची चलानं राज्याच्या महाट्रॅफिक ॲपवर आणि त्यांच्या ई-चलान साइटवर दिसतात. आरटीओच्या भरारी पथकाने केलेलं चलान मात्र केंद्राच्या परिवहन ई-चलान पोर्टलवर असतं. गोव्याला जाऊन आलात आणि तिकडे कॅमेऱ्याने टिपलं, तर तेही परिवहनवरच शोधायचं. एका ठिकाणी शून्य दिसलं म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ असतात. दोन्हीकडे बघा, शिवाय व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवरही एकदा नंबर टाका.

साइटचा पत्ता गुगलवर शोधून पहिल्या लिंकवर बोट ठेवू नका. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडूच नका. त्यात चलान नसतं, तुमचं बँक खातं रिकामं करायची सोय असते.

ॲपवर लगेच भरणं

चलान तुमचं आहे, चूक तुमची आहे आणि रक्कम पाचशे-हजाराची आहे, तर यापेक्षा स्वस्त रस्ता नाही. स्वस्त म्हणजे वेळेच्या हिशेबाने. यूपीआयने दोन मिनिटांत भरून पावती हातात येते.

कायद्याच्या भाषेत याला तडजोड शुल्क म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली शुल्क भरलं की त्या गुन्ह्यापुरती पुढची कारवाई थांबते. कोर्टात जाऊन गुन्हा कबूल करणं आणि हे, यात फरक आहे: इथे प्रकरण न्यायाधीशांपुढे जातच नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने एक पाचर मारून ठेवली आहे. परवाना निलंबित होण्यासारखा काही परिणाम त्या कलमात असेल, तर शुल्क भरल्याने तो पुसला जात नाही. हेल्मेटचंच घ्या. केंद्राच्या कायद्यात त्याचा दंड हजार रुपये, महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ पासून लावलेल्या दरांत तो ५००. मात्र त्या कलमात तीन महिने परवाना जाण्याची तरतूदही आहे. दंड ५०० आहे म्हणून प्रकरण किरकोळ, असं समजू नका.

मेहुण्याच्या सहापैकी चार चलानं हेल्मेटची होती आणि एक सिग्नलचं. फोटो उघडून बघितले. चारही फोटोंत तोच, तोच निळा टी-शर्ट, आणि एका फोटोत तर हेल्मेट चक्क आरशाला लटकवलेलं. त्याच्या बायकोने फोटो बघितला आणि विषय संपला.

पण सहावं?

सहाव्या चलानात वेगमर्यादा ओलांडल्याचे १००० रुपये लावले होते. जागा एका महामार्गावरची, जिथे ही स्कूटर कधी गेलीच नाही. फोटो मोठा करून बघितला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल. नंबर प्लेटवर शेणाचा शिंतोडा उडालेला, त्यामुळे शेवटचा ३ हा ८ सारखा दिसत होता. यंत्राने किंवा यंत्रामागच्या माणसाने ८ वाचला आणि चलान आमच्या घरी.

अशा वेळी लोक एक मोठी चूक करतात. "जाऊ दे, हजारच आहेत, भरून टाकू, नंतर तक्रार करू." भरलेलं चलान म्हणजे मिटलेलं चलान. मग तुमची तक्रार कोण आणि कशाला ऐकेल? चलान चुकीचं असेल तर पैसे भरण्याआधी ॲपमधल्या तक्रारीच्या पर्यायात जा, चलान क्रमांक टाका, तुमच्या गाडीचा समोरून आणि मागून स्वच्छ फोटो आणि आरसीची प्रत जोडा, आणि मुद्दा दोन ओळींत लिहा. "मी प्रामाणिक नागरिक असून" वगैरे काही नको. आम्ही लिहिलं: "फोटोतील वाहन मोटारसायकल आहे, माझे वाहन स्कूटर आहे. फोटोतील क्रमांकाचा शेवटचा अंक ३ आहे, माझा ८ आहे."

कॅमेऱ्याच्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची, गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो द्यायचा, वेगाचं चलान असेल तर यंत्राने मोजलेला वेग द्यायचा, तारीख-वेळ-जागा आणि लावलेलं कलम लिहायचं, असं त्यात आहे. तक्रार लिहिताना यातलं काय हजर नाही, तेवढं नेमकं दाखवा. चिडचीड करण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

व्हर्च्युअल कोर्ट

नाव भारदस्त असलं तरी इथे व्हिडिओवर सुनावणी वगैरे काही नसते. दिल्लीत २०१९ साली ही सोय सुरू झाली, आणि महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०२० ला नागपुरात तिचं उद्घाटन झालं. पोलिसांकडे किंवा आरटीओकडे न मिटलेलं चलान इथे पाठवलं गेलं की न्यायदंडाधिकारी कागद बघून दंड प्रस्तावित करतात. तुम्ही साइटवर राज्य आणि विभाग निवडता, मोबाइल, गाडी किंवा चलान क्रमांकाने प्रकरण काढता, ओटीपी भरता, आणि पुढे दोनच रस्ते दिसतात: प्रस्तावित दंड भरतो, किंवा खटला लढवतो. विभागाची निवड जपून करा. महाराष्ट्राच्या नावाखाली परिवहन विभाग आणि पुणे वाहतूक अशा वेगळ्या नोंदी आहेत. चुकीची निवडली की प्रकरण सापडत नाही आणि माणसाला वाटतं, सुटलो.

ॲपशी ताडून बघितलं तर वेळ सारखाच लागतो, घरबसल्या होतं. फरक असा की आता हे कोर्टातलं प्रकरण आहे. ते तिथे पोचल्यावर पोलिसांच्या ॲपवर तक्रार घालत बसण्यात अर्थ उरत नाही. 'लढवतो'वर टिचकी मारलीत तर प्रकरण तुमच्या हद्दीच्या प्रत्यक्ष न्यायालयात जातं, आणि तिथे तारखेला उभं राहावं लागतं. नुसतं बघू काय होतं म्हणून ते बटण दाबू नका.

लोकअदालत

सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते, बहुतेक वेळा शनिवारी. २०२१ पासून महाराष्ट्रात थकीत ई-चलानं दाखलपूर्व प्रकरणं म्हणून तिच्यापुढे ठेवली जाऊ लागली. दाखलपूर्व म्हणजे कोर्टात खटला उभा राहण्याआधीच मिटवायचं. मोबाइलवर नोटीस येते, त्यात तारीख असते. कोर्ट फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीची तीन चलानं घेऊन मी एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात गेलो होतो. साडेनऊला पोचलो तर कडुनिंबाखाली दीडशे माणसं. टोकन घ्यायची रांग वेगळी, यादीत नाव शोधायची वेगळी, पैसे भरायची वेगळी, आणि कुठली कुठली हे सांगणारं कुणी नाही. माझ्या पुढे एक रिक्षावाले काका होते, हातात किराणाच्या पिशवीत एकोणीस चलानांच्या प्रिंट. त्यांनी मला हळूच सांगितलं, "यादीत नाव नसेल तर टेबलावर जाऊन उपयोग नाही, मागच्या वेळी असाच परत गेलो." माझ्या तिनातलं एक यादीत नव्हतं. ते मी बाहेर येऊन ॲपवर भरलं. बाकीची दोन पॅनेलपुढे पाच मिनिटांत निघाली. पाच मिनिटांच्या कामाला पावणेदोन वाजले.

सवलत मिळाली का? त्या दिवशी थोडी मिळाली. पण सवलत हा हक्क नाही. कधी एखाद्या ठिकाणी मोठी सूट जाहीर होते, कधी पूर्ण रक्कमच घेतात आणि फक्त प्रकरण बंद करून देतात. शेजाऱ्याला मागच्या वेळी काय मिळालं, यावर आपला बेत आखू नका. त्या तारखेची नोटीस काय म्हणते, ते वाचा.

दुसरं असं की लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तुम्ही दोषी की निर्दोष, हे तिथे कुणी ठरवत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असेल तरच निवाडा होतो, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून दुधाच्या किटल्यांचं चलान तिथे नेण्यात अर्थ नव्हता. तिथे त्याचे हजाराचे सातशे झाले असते, चूक मात्र तशीच राहिली असती. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण तर तिथे नेताच येत नाही. कलम १८५ तडजोडयोग्य नाही: पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तेही न्यायालयातच.

मग लोकअदालत कुणासाठी? रिक्षा, टेम्पो, टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी. ज्यांच्या नावावर पंधरा-वीस खरी चलानं साचली आहेत, त्यांचा अर्धा दिवस तिथे वसूल होतो. पाचशेच्या एका चलानासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी किंवा रजा घालवणं मला तरी पटत नाही.

प्रत्यक्ष न्यायालय

समन्स आल्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायचं, गुन्हा नाकबूल म्हणायचं, मग सरकारी बाजूने तो सिद्ध करायचा. इथे तुमच्या बाजूने दोन गोष्टी असू शकतात. कॅमेऱ्याच्या फोटोसोबत लागणारं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणि १६७-अ मधल्या बाकीच्या गोष्टी हजर नसणं, ही एक. दुसरी मुदत: ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायला हवी, असं पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. जुनी चलानं 'आपोआप बाद' होतात, हा समज यातूनच आलाय. बाद आपोआप होत नाहीत. ॲपवर ती दिसतच राहतात, आणि मुदतीचा मुद्दा कोर्टात कुणीतरी मांडावा लागतो.

खर्चाचं बोलायचं तर वकिलाची फी बहुतेक चलानांपेक्षा जास्त होते, आणि हेलपाटे वेगळे. तरीही ज्याचा परवाना पोटाशी बांधलेला आहे आणि निलंबनाची टांगती तलवार आहे, त्याने लढावं. चलानासोबत अपघाताचं प्रकरण असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय कुठेच काही भरू नये. नुकसानभरपाईच्या दाव्यात ती पावती समोर येऊ शकते.

मेहुण्याचं काय झालं

गिऱ्हाईक घाईत होतं, लोकअदालतीची तारीख दूर होती. पाच खरी चलानं त्याच रात्री ॲपवर भरली, २५०० रुपये गेले. सहाव्याची तक्रार टाकली आणि गिऱ्हाईकाने व्यवहारातले हजार रुपये स्वतःकडे राखून ठेवले, जे मला रास्तच वाटलं. गाडी हातात देण्याआधी नाव बदलण्याच्या कागदांवर दोघांच्या सह्या घेतल्या, कारण राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि तोवर नव्या मालकाने तोडलेला सिग्नलही जुन्याच्या नावावर चढतो. मोबाइल नंबरच्या रकान्यात या वेळी गिऱ्हाईकाने स्वतःचा नंबर स्वतःच्या हाताने लिहिला. मेहुणा शेजारी उभा राहून एकेक आकडा मोठ्याने वाचत होता.

साडेतीन आठवड्यांनी किटल्यांचं चलान यादीतून गेलं. कारण कुणी कळवलं नाही. त्या संध्याकाळी हजार रुपये आले.