सहा रॅपर, सहा अल्बम: कोणती प्रत घ्यावी आणि काय ऐकावं

आवडत्या रॅपरची यादी करताना विक्रीचे आकडे, पुरस्कार, भांडणं हे सगळं बाजूला ठेवलं आहे. इथे एकच गोष्ट तपासली आहे: ड्रमच्या कोणत्या ठोक्यावर कोणतं अक्षर पडतं, आणि ते तिथेच का पडतं. या कसोटीवर सहा जण वर राहतात. राकिम, नॅस, नोटोरियस बी.आय.जी., एम.एफ. डूम, लॉरिन हिल आणि केंड्रिक लमार. प्रत्येकाचा एक अल्बम घेतला आहे, कारण पैसे किंवा वेळ शेवटी अल्बमवरच खर्च होतो.

आधी थोडा हिशेब. बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन. किक (पायाने वाजवायचा जड ड्रम) साधारण पहिल्या मात्रेवर, स्नेअर या ड्रमचा कडक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की एका बारमध्ये १६ जागा होतात. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर बार २.६७ सेकंदांत संपतो आणि १६ बारचं नेहमीचं कडवं सुमारे ४३ सेकंदांत. कुठली जागा भरायची आणि कुठली रिकामी सोडायची, एवढाच रॅपरच्या हातातला ऐवज. तबल्याच्या ठेक्यावर मान डोलवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट यमकाची. रॅपमध्ये स्वर जुळले की बऱ्याचदा काम भागतं, व्यंजनं जुळायलाच हवीत असं नाही. ‘पाटील’ आणि ‘माहीत’ ही जोडी मराठीत कुणी यमक म्हणून चालवून घेणार नाही, पण दोन्हींत आ-ई, आ-ई असे स्वर आहेत आणि रॅपरला ते पुरतात. म्हणून एखादं कडवं नीट उलगडायचं असेल तर कागदावर शब्द लिहू नका, फक्त स्वर लिहा. कुठली जोडी किती वेळा परत आली ते लगेच दिसतं.

सुरुवात राकिमपासूनच करावी लागते. डीजे एरिक बी.सोबतचा ‘पेड इन फुल’ १९८७ साली आला. त्याआधीच्या बहुतेक रॅपमध्ये यमक ओळीच्या टोकाला, आवाज चढवून आपटलेलं असायचं. राकिमने आवाज खाली आणला आणि यमक ओळीच्या पोटात शिरवलं. तो सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॉन कोल्ट्रेनचा भक्त होता. श्वास कुठे घ्यायचा आणि वाक्य बारच्या कडेवरून पुढे कसं न्यायचं, ही वाद्य वाजवणाऱ्याची शिस्त ‘माय मेलडी’त स्पष्ट ऐकू येते. अल्बमची उणीव सरळ आहे: दहा गाण्यांपैकी तीन डीजेच्या करामतीची, त्यांत राकिम बोलतच नाही. फक्त राकिमसाठी घेणाऱ्याने रेकॉर्डवर पैसे घालू नयेत. ‘माय मेलडी’, ‘आय एन्ट नो जोक’ आणि ‘आय नो यू गॉट सोल’ ही तीन गाणी डिजिटल घेतली तरी पुरे.

राकिमचा आवाज आपल्याकडे अनेकांच्या कानावर वेगळ्याच वाटेने आला. २००२ साली ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाजलं. त्यात लताबाईंच्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा तुकडा सुरुवातीपासून फिरत राहतो आणि राकिमचं कडवं त्याच्यावर बसतं. मूळ संगीतकार बप्पी लाहिरी यांना श्रेय दिलेलं नव्हतं. प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये श्रेय दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश निघाला.

नॅसचा ‘इलमॅटिक’ या सहांमध्ये सगळ्यात वर. १९ एप्रिल १९९४, कोलंबिया रेकॉर्ड्स, दहा ट्रॅक, जेमतेम ४० मिनिटं. नॅस तेव्हा २० वर्षांचा होता. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातली क्वीन्सब्रिज ही सरकारी वसाहत हाच अल्बमचा सगळा भूगोल. रेकॉर्डच्या दोन बाजूंना ए आणि बी म्हटलेलंच नाही. वसाहतीजवळच्या रस्त्यांवरून त्यांना ‘फोर्टिएथ साइड नॉर्थ’ आणि ‘फोर्टी-फर्स्ट साइड साउथ’ अशी नावं दिली आहेत.

त्या काळात एका अल्बमला साधारण एक निर्माता (बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणारा) किंवा एक चमू असायचा. इथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. असे पाच जण आहेत, आणि तरी अल्बम एकसंध वाटतो, कारण गाण्यागणिक बीट बदलते पण नॅसची अक्षरं ठेवण्याची पद्धत बदलत नाही. ‘एन.वाय. स्टेट ऑफ माइंड’ घ्या. प्रीमियरने जो चेंबर्सच्या एका रचनेतला पियानोचा तुकडा फिरवला आहे. सुरुवातीला नॅस पुटपुटतो की कशी सुरुवात करावी कळत नाही, आणि पुढच्याच क्षणी कडवं सुरू. हे पहिलं कडवं एका टेकमध्ये, म्हणजे एका दमात न थांबता ध्वनिमुद्रित, झालं असं प्रीमियरने सांगितलं आहे. ते १६ बारच्या मापात मावत नाही, कितीतरी लांब आहे. दम कुठे घेतला ते शोधा: तो ओळीच्या शेवटी क्वचित थांबतो, श्वास वाक्याच्या मध्येच, कमी महत्त्वाच्या शब्दाआधी घेतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला थांबायला जागाच मिळत नाही आणि रस्त्यावरून पळत सुटल्यासारखं वाटतं. शब्दांत पळापळ आहेच, पण पाय लयीमुळे उचलले जातात.

‘वन लव्ह’ उलट टोकाचं. तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं, खाली हीथ ब्रदर्सच्या रेकॉर्डमधला कलिंबा या बोटांनी छेडायच्या आफ्रिकी वाद्याचा तुकडा. इथे नॅस जागा मोकळ्या सोडतो, पत्रात वाक्य संपल्यावर पेन उचलावं तशा. तिसऱ्या कडव्यात पत्र सुटतं आणि तो बारा वर्षांच्या एका पोराशी बोलत बसतो. त्या पोराचं हसणं किती थंड आहे हे एका ओळीत येतं. रॅपमध्ये इतक्या कमी जागेत इतकं नेमकं माणूस उभं करणं फार थोड्यांना जमलं आहे. ‘लाइफ्स अ बिच’मध्ये पाहुणा रॅपर एझी आहे, अख्ख्या अल्बममधला एकटा पाहुणा, आणि शेवटी वाजणारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) नॅसच्या वडिलांचा, ओलू दारा यांचा आहे. कमकुवत गाणं एकच: ‘वन टाइम फोर युअर माइंड’. बीट सुस्त आणि शब्दही त्या मानाने सैल.

हा अल्बम रेकॉर्डवर घ्यायचाच असेल तर एका एलपीवरच घ्यावा. प्रत्येक बाजूला सुमारे २० मिनिटं येतात आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डला ते माप सोयीचं आहे. तरी एक अडचण राहते. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाला तोच वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढाच आवाज कमी जागेत दाटतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ फाटायला लागतात. त्यामुळे पहिल्या बाजूचं शेवटचं ‘हाफटाइम’ आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं ‘इट एन्ट हार्ड टु टेल’ इथेच पारख होते. फाटत असेल तर रेकॉर्डला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा: सुईवर धुळीचा गोळा आहे का, सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) पत्रकात दिलाय तेवढाच आहे का (बऱ्याच कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास लागतो), आणि कार्ट्रिज टोनआर्मला (ते धरणाऱ्या दांड्याला) सरळ बसलंय का. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजेल असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते.

बी.आय.जी.च्या बाबतीत प्रत कोणती हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘रेडी टु डाय’ सप्टेंबर १९९४ मध्ये आला आणि त्याच्या हयातीत आलेला हा एकमेव अल्बम. ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा खून झाला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. शीर्षकगीतात ओहायो प्लेयर्सच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. २००६ मध्ये न्यायालयाने विक्री थांबवली, आणि नंतरच्या प्रतींत शीर्षकगीत, ‘मशीन गन फंक’ आणि ‘गिम्मी द लूट’ या तिन्हींमध्ये बदल झाले. स्ट्रीमिंगवर किंवा नवी प्रत घेऊन ऐकणाऱ्याच्या कानावर १९९४ चा अल्बम जसाच्या तसा पडत नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात २००६ आधी छापलेली सीडी दिसली तर सोडू नका. ‘गिम्मी द लूट’मध्ये काही शब्द उडालेले ऐकू आले म्हणून सीडी खराब समजू नका, मूळ प्रतीतही ते तसेच आहेत.

त्याच गाण्यात त्याची करामत बघा. दोन लुटारू बोलताहेत, एक जाड आवाजाचा, एक चिरका, आणि दोघंही बी.आय.जी.च. दोन रॅपर आहेत असा अनेकांचा समज असतो. चिरका आवाज मात्रेच्या किंचित पुढे धावतो, जाड आवाज किंचित मागे रेंगाळतो. नुसता आवाज बदलून माणूस वेगळा वाटत नाही, त्याची चाल बदलावी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एम.एफ. डूम पहिल्यांदा ऐकणाऱ्याची हमखास एकच तक्रार असते: हा बेताल बोलतोय, झोपेत आहे का? ‘मॅडव्हिलनी’ (२००४, स्टोन्स थ्रो) हा डूम आणि निर्माता मॅडलिब यांचा अल्बम, २२ ट्रॅक आणि ४६ मिनिटं. म्हणजे गाणं सरासरी दोन मिनिटांचं, आणि बहुतेकांना धृपदच नाही. तक्रारीचं कारण असं की डूमचं वाक्य बारच्या रेघेवर संपत नाही. यमकाचा शब्द पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेनंतर पडतो आणि तोवर नवं वाक्य सुरू झालेलं असतं. कान ओळीच्या टोकाला यमक शोधतो, आणि ते तिथे नसतं.

उपाय तीन ऐकण्यांचा. पहिल्यांदा ‘अकॉर्डियन’ लावून फक्त स्नेअरवर बोट आपटा, शब्दांकडे लक्षच देऊ नका. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून एकाच स्वरजोडीखाली रेघा ओढा. एकेक जोडी चार-पाच ओळी ताणलेली दिसेल, कधी दोन-तीन शब्दांचा गट अख्खा जुळलेला. तिसऱ्यांदा पुन्हा बोट आपटत शब्द ऐका. आता तो बेताल वाटणार नाही. उशिरा पडणारं प्रत्येक अक्षर मुद्दाम तिथे ठेवलेलं आहे हे कळायला लागेल. मोरोपंतांच्या आर्या पाठ केलेल्या पिढीला ही कसरत परकी वाटली नसती.

या अल्बमचा आवाज मळका आहे. मॅडलिबने बऱ्याच बीट बॉसच्या एसपी-३०३ या छोट्या सॅम्पलरवर (जुन्या रेकॉर्डमधले तुकडे कापून वाजवायच्या यंत्रावर) केल्या, त्यातल्या काही ब्राझीलच्या हॉटेलात. रेकॉर्डची खरखर, दबलेला बेस हे सगळं हवं म्हणून ठेवलेलं आहे. इक्वलायझरमध्ये ट्रेबल वाढवून ‘साफ’ करायला जाल तर डूमच्या घोगऱ्या आवाजाखालची ऊब निघून जाईल. नेटवर याच अल्बमचा एक कच्चा खर्डाही फिरतो. प्रकाशनाच्या वर्षभर आधी तो फुटला होता. नंतर डूमने कडवी पुन्हा, अधिक खालच्या आणि संथ आवाजात म्हटली. तुमच्या प्रतीत आवाज उत्साही आणि चढा असेल तर ती चुकीची प्रत. मॅडलिबची गोडी लागली तर त्याची २००७ ची ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ मालिका ऐका. हिंदी सिनेसंगीत कापून त्याने काय केलंय ते जुन्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाला जास्त उमगेल.

लॉरिन हिलबद्दल एक सावधगिरी. १९९८ चा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ पाच ग्रॅमी घेऊन गेला आणि वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरलेला तो पहिला हिप हॉप अल्बम, पण त्यात निम्म्याहून अधिक भाग गायनाचा आहे, रॅपचा नाही. तिचा रॅप हवा असेल तर ‘लॉस्ट वन्स’ आणि ‘फायनल अवर’ ऐकून थेट फ्युजीस या तिच्या तिघांच्या गटाच्या १९९६ च्या ‘द स्कोअर’कडे वळा. ‘रेडी ऑर नॉट’मधलं तिचं कडवं तिथल्या दोन्ही पुरुषांना मागे टाकतं.

केंड्रिकचा ‘टु पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) ७९ मिनिटांचा आहे, आणि तो शफलवर, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करून, लावणं ही सगळ्यात मोठी चूक. गाण्यांच्या मध्ये एक कविता ओळीओळीने वाढत जाते आणि शेवटच्या ‘मॉर्टल मॅन’मध्ये पूर्ण होते. तिथे १९९४ च्या एका रेडिओ मुलाखतीतला तूपाक या दिवंगत रॅपरचा आवाज वापरून केंड्रिक त्याच्याशी बोलतो. क्रम मोडला की हा शेवट निरर्थक होतो. ‘यू’च्या उत्तरार्धात रडवेला, दारूने जड झालेला आवाज येतो आणि तरीही एक अक्षर ठेक्यावरून सरकत नाही, ते हेडफोन लावून एकदा तरी ऐकाच.

हेडफोनचा बेस बूस्ट मात्र आधी बंद करा. फुगलेला बेस आवाजाच्या खालच्या भागावर पसरतो आणि नेमकी व्यंजनं बुडवतो. फोनच्या स्पीकरवर याच्या उलट होतं. किक जवळजवळ नाहीशी होते आणि अक्षर कशावर पडलं हेच कळत नाही. स्ट्रीमिंगची प्रत ३२० केबीपीएसवर (सेकंदाला ३२० किलोबिट) ठेवा, ४० मिनिटांच्या अल्बमला ९६ एमबीच्या आसपास डेटा लागतो. आणि अल्बमच्या नावापुढे ‘क्लीन’ लिहिलेलं असेल तर ती प्रत टाळा. शिवी पुसली की तिथे पोकळी राहते. रॅपर शिवी बऱ्याचदा स्नेअरवरच ठेवतो, त्यामुळे नेमका तिथेच ठेका लंगडतो.