कोॲप: एमटेकच्या जागेची तीन बटणं

एमटेकच्या प्रवेशासाठी द्यायच्या गेट परीक्षेचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि आयआयटीतले एमटेकचे वर्ग साधारण जुलैच्या अखेरीस भरतात. मधल्या चार महिन्यांत गेट दिलेल्या मुलांचं सगळं लक्ष एका संकेतस्थळाकडे असतं. त्याचं नाव कॉमन ऑफर ॲक्सेप्टन्स पोर्टल, पण सगळ्यांच्या तोंडी ‘कोॲप’च बसलंय. आयआयट्या आणि बंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) गेटच्या स्कोरवर दिलेल्या एमटेकच्या जागा इथे दाखवतात, आणि जागा घेतो की सोडतो हे उमेदवाराने इथेच कळवायचं. नोंदणीला शुल्क नाही.

या सेवेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. निर्णय नोंदवण्याची जागा म्हणून कोॲप चोख आहे. पूर्वी एका मुलाच्या हातात तीन-चार आयआयट्यांची पत्रं असायची, प्रत्येकीची मुदत वेगळी, प्रत्येकीकडे पैसे भरून जागा अडवायची, आणि शेवटी सोडलेल्या जागा रिकाम्या राहायच्या. आता सगळ्यांच्या फेऱ्या एकाच वेळापत्रकाने चालतात आणि एका माणसाच्या नावावर एकच जागा राहते. पण पोर्टल यापलीकडे काही करत नाही. तुमचा प्रतीक्षाक्रमांक सांगत नाही, पुढच्या फेरीत आशा आहे का ते सांगत नाही, चुकीचं बटण दाबताना थांबवत नाही. त्यामुळे विचार सगळा पोर्टल उघडण्याच्या आधीच करून ठेवावा लागतो.

पहिली गफलत नोंदणीतच होते. कोॲपवर नाव नोंदवलं म्हणजे अर्ज झाला असं समजून दरवर्षी काही मुलं गप्प बसतात. कोॲप अर्ज घेतच नाही. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, वेगळा, वेगळं शुल्क भरून करायचा असतो आणि शाखांचा पसंतीक्रमही तिथेच भरायचा असतो. कोॲपवर मिळालेला नोंदणी क्रमांक त्या प्रत्येक अर्जात टाकायचा, तेव्हा दोन्ही टोकं जुळतात. अर्जांच्या मुदती मार्च-एप्रिलमध्ये एकमेकींवर आदळतात, म्हणून संस्था, शाखा, शेवटची तारीख आणि भरलेला पसंतीक्रम अशा चार रकान्यांचा तक्ता करून ठेवा. पसंतीक्रम खऱ्या आवडीनेच लावा. ‘मिळणारी शाखा वर टाकू’ हा हिशेब अंगलट येतो, कारण वर टाकलेली मिळाली की तिच्या खालची, मनातली शाखा ती संस्था देऊ करत नाही.

आता ती तीन बटणं. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ म्हणजे जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. ‘रिटेन अँड वेट’ म्हणजे ही जागा धरून ठेवली, पण पुढच्या फेरीत आणखी चांगलं आलं तर पाहू. ‘रिजेक्ट अँड वेट’ म्हणजे ही जागा सोडली, पुढे काय येतं ते पाहू. सोडलेली जागा, म्हणजे तीच संस्था आणि तोच अभ्यासक्रम, पुन्हा येत नाही. एका फेरीत दोन-तीन जागा आल्या तर त्यांतली एकच धरता येते, बाकीच्या आपोआप सुटतात.

सगळ्यात जास्त नुकसान एका गैरसमजामुळे होतं: आलेली जागा धरून ठेवली तर वरची संस्था आपल्याला विचारणार नाही. तसं नाही. तुम्ही मुंबईची जागा धरली म्हणून मद्रासच्या यादीत तुम्ही खाली जात नाही. प्रत्येक संस्था आपापल्या गुणवत्ता यादीनेच खाली उतरते. मग हातातली जागा सोडून काय मिळतं? काहीच नाही. ज्या जागेवर तुम्ही कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही, तीच फक्त ‘रिजेक्ट’ करावी. ‘रिटेन’चा पर्याय किती फेऱ्यांत वापरता येईल यावर बंधन असू शकतं, म्हणून त्या वर्षीचं नियमपत्रक पहिल्या फेरीआधी ओळीन् ओळ वाचा. मागच्या वर्षी पास झालेल्या दादाने सांगितलेला नियम या वर्षी लागू असेलच असं नाही. पोर्टल चालवणारी संस्था बदलली की संकेतस्थळाचा पत्ताही बदलतो, तेव्हा जुना दुवा जपून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि काहीच बटण दाबलं नाही तर? ते ‘रिजेक्ट’ धरलं जातं. उत्तर द्यायला मिळणारी खिडकी साधारण दोन दिवसांची, अनेकदा शनिवार-रविवार धरून. लग्नसराईचा हंगाम, गावाकडे रेंज नाही, शेवटच्या सत्राची तोंडी परीक्षा, यांत ती निसटते आणि हातातली आयआयटी जाते. एवढ्या मोठ्या परिणामाच्या गोष्टीला पोर्टलने मुदतीच्या दोन-तीन तास आधी ठळक आठवण करून द्यायला हवी, असं आम्हाला कळकळीने वाटतं. तोपर्यंत उपाय साधा आहे: सगळ्या फेऱ्यांच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहा, पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाकडे द्या आणि खिडकी उघडली त्याच दिवशी उत्तर नोंदवा. उत्तर दिल्यावर बाहेर पडून पुन्हा आत जा, नोंद दिसते का ते पाहा आणि त्या पानाची पीडीएफ ठेवा.

प्रतीक्षेचा अंदाज स्वतःच बांधावा लागतो. तो गुणांवर किंवा क्रमांकावर न बांधता गेट स्कोरवर बांधा, कारण संस्था स्कोर पाहतात आणि एकाच गुणांचा स्कोर दरवर्षी वेगळा येतो. स्कोरच्या सूत्रात पात्रतेच्या गुणांना ३५० आणि अव्वल उमेदवारांच्या सरासरी गुणांना ९०० हे ठरलेले टप्पे आहेत; मधलं सगळं सरळ रेषेत बसतं. समजा पात्रता ३० गुणांची, अव्वलांची सरासरी ८० आणि तुमचे गुण ५५. तुम्ही बरोबर मध्यावर आहात, म्हणून ३५० अधिक ५५० चे निम्मे, म्हणजे ६२५. पेपर सोपा गेला, अव्वलांची सरासरी ८५ झाली आणि पात्रता ३५ वर गेली, तर त्याच ५५ गुणांचा स्कोर ५७० होतो. गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा स्कोर जास्त असेल तर तोही मोलाचा.

काही संस्था मागच्या वर्षांचे फेरीनिहाय किमान स्कोर जाहीर करतात. ते वाचताना आपली शाखा, आपला प्रवर्ग आणि जागेचा प्रकार तिन्ही जुळवून पाहा. टीचिंग असिस्टंटशिपची (शिकवण्यात मदत करून विद्यावेतन मिळणारी) जागा आणि स्वखर्चाची जागा यांचे आकडे एकत्र करून पाहिले तर अंदाज पार चुकतो. पहिल्या फेरीचा आकडा पाहून खचायचं कारण नाही. वरच्या क्रमांकाच्या मुलांना तेव्हा चार-चार ठिकाणांहून जागा आलेल्या असतात. ते एक धरतात, तीन सुटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत यादी झपाट्याने खाली येते. पुढे हा वेग मंदावतो. तुमचा स्कोर मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्याही बराच खाली असेल, तर त्या जागेची वाट पाहणं थांबवा आणि दुसरी तयारी सुरू करा. ती तयारी म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयट्यांसाठी सीसीएमटी ही एकत्रित प्रवेशप्रक्रिया, आणि व्हीजेटीआयसारख्या राज्यातल्या संस्थांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची कॅप ही प्रवेशप्रक्रिया. या दोन्ही प्रक्रिया कोॲपपासून पूर्ण वेगळ्या आहेत, त्यांची नोंदणी वेगळी आणि ती आधीच करून ठेवायची असते.

महाराष्ट्रातल्या मुलांची गाडी अडते ती जातीच्या दाखल्यावर. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढलेलं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र आयआयटीत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागतं आणि ते कधीनंतर काढलेलं असावं ती तारीख माहितीपत्रकात दिलेली असते, सहसा त्या वर्षाचा १ एप्रिल. राज्याचं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही. भटके-विमुक्त, विशेष मागास हे राज्याचे प्रवर्ग केंद्रात नाहीत. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात नेमक्या नावाने त्या यादीत आहे का हे स्वतः तपासा. एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला केंद्रीय संस्थांत लागू नाही. तहसील कचेरीतून केंद्राचा नमुना हातात यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात टाका. चुकीच्या प्रवर्गातून मिळालेली जागा कागदपत्रांच्या तपासणीत जाते, आणि तोवर बाकीच्या फेऱ्या संपलेल्या असतात.

कोॲपच्या फेऱ्या चालू असतानाच मुलाखतीही चालू असतात, आणि इथे पोर्टलचा काही संबंध उरत नाही. एमएस (संशोधनावर भर असलेली पदव्युत्तर पदवी) आणि पीएचडीच्या जागा बहुतेक ठिकाणी विभागाच्या लेखी परीक्षेवर आणि मुलाखतीवर दिल्या जातात, त्यांचे निकालही संस्थेच्याच पानावर लागतात. काही एमटेक विभागही मुलाखत घेतात. म्हणून एकीकडे कोॲपवर ‘रिटेन’ करून ठेवलेली जागा आणि दुसरीकडे एमएसच्या निकालाची वाट, अशी अवस्था बऱ्याच जणांची होते. फ्रीझ करण्याआधी त्या विभागाला इमेल करून निकाल कधी लागणार हे विचारण्यात काही गैर नाही. अर्ज क्रमांक, विभागाचं नाव आणि एकच सरळ प्रश्न, एवढंच लिहा.

मुलाखतीला साधारण तीन ते पाच प्राध्यापक असतात, वेळ पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास. पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: आवडते दोन विषय सांगा. इथे भारदस्त विषय सांगायचा मोह टाळा. सांगितलेल्या विषयाच्या अगदी पायापासून ते सुरू करतात आणि उत्तर बरोबर आलं की एक पायरी खाली उतरतात. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलाने ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ सांगितलं, की कँटिलिव्हर, म्हणजे एकच टोक पक्कं बसवलेली तुळई, येतोच. टोकाला भार, टोक किती वाकेल? पी गुणिले एल घन, भागिले तीन ईआय (पी भार, एल लांबी, ई द्रव्याची ताठरता, आय जडत्वाघूर्ण), हे सगळ्यांना पाठ असतं. आता तुळईची उंची दुप्पट केली तर? जडत्वाघूर्ण उंचीच्या घनावर अवलंबून, म्हणून आठपट, वाकणं एक-अष्टमांश. मग ताणही एक-अष्टमांश होईल का? इथे निम्मी मुलं ‘हो’ म्हणतात. नाही, एक-चतुर्थांश, कारण जडत्वाघूर्ण आठपट झालं तरी मधल्या अक्षापासून वरच्या थरापर्यंतचं अंतरही दुप्पट झालं. आणि बाहेरचा भार काढून तुळई फक्त स्वतःच्या वजनाने वाकत असेल तर? आता उंची दुप्पट म्हणजे वजनही दुप्पट, म्हणून वाकणंही एक-चतुर्थांशच.

या साखळीत सूत्र फक्त पहिल्या पायरीला लागलं, बाकी सगळं ‘कशावर काय अवलंबून आहे’ हे बोलून दाखवणं होतं. तयारीही तशीच करा: दोन विषय निवडा, प्रत्येकातली पंधरा-वीस मूळ सूत्रं घ्या आणि प्रत्येकातली एकेक राशी दुप्पट, शून्य आणि अनंत करून काय होतं ते कागदावर, तोंडाने बोलत सोडवा. त्याबरोबर रेषीय बीजगणित आणि संभाव्यता उजळा. शाखा कोणतीही असो, मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं आणि बेजचा नियम विचारले जातात. कम्प्युटरच्या मुलांनी अल्गोरिदमची गुंतागुंत नुसती सांगू नये, ती का तेवढी येते ते दाखवता आलं पाहिजे. अडलात तर गप्प राहू नका. कुठवर कळलं आणि कुठे अडलं ते सांगा, प्राध्यापक हात देतात. ऑनलाइन मुलाखतीत कॅमेऱ्याला दिसेल असा पांढरा कागद आणि जाड मार्कर जवळ असू द्या, पेन्सिलीचं लिहिलेलं समोरच्याला दिसत नाही.

बीईचा प्रकल्प चौघांनी मिळून केलेला असतो हे प्राध्यापकांनाही माहीत असतं. तुमचा वाटा कोणता, मोजमाप किती अचूक, किती वेळा मोजलं आणि काय चुकलं, या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत तयार ठेवा.

जागा फ्रीझ केल्यावर काम संपत नाही. पुढचं सगळं त्या संस्थेच्या संकेतस्थळावर होतं आणि प्रवेश शुल्क दिलेल्या मुदतीत भरलं नाही तर फ्रीझ केलेली जागाही जाते. आपल्या विद्यापीठांचे शेवटच्या सत्राचे निकाल अनेकदा प्रवेशाच्या तारखेपर्यंत लागलेले नसतात. अशा वेळी संस्था तात्पुरता प्रवेश देतात, पण सगळ्या परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि प्रकल्पाची तोंडी परीक्षा प्रवेशाच्या दिवसाआधी पूर्ण झाल्याचं प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र मागतात. निकाल सादर करायची शेवटची तारीख प्रवेशपत्रावर छापलेली असते. ते पत्र जूनमध्येच, कॉलेजचं कार्यालय चालू असताना घेऊन ठेवा. त्याचबरोबर सीजीपीएचे टक्के कसे काढायचे याचं विद्यापीठाचं सूत्र छापलेला कागदही घ्या, कारण पात्रतेची ६० टक्क्यांची अट तपासताना तोच कागद मागितला जातो.